सूक्ष्म जंतूंचा पारखी : मार्टिनस बायेरिंक

रिठ्याचीं फळें पाण्यांत भिजवून चोळलीं असतां त्यांचा शुभ्र फेस होतो, हें आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं पाहिलें असेल. रेशमी वस्त्रें, सोन्याचे दागिने व डोक्याचे केस स्वच्छ करण्याकरितां आपल्या देशांत हें फळ फार प्राचीन काळापासून उपयोगांत आहे. काम झालें म्हणजे तें पाणी परसांतील जमिनीवर ओततात, आणि पुढें त्याचें काय होतें याचा विचार कोणी करीत नाहीं. रिठ्याच्या झाडाखालीं दरवर्षीं शेंकडों फळें गळून कुजतात. तरी पावसाळ्यांत त्या जमिनींतून फेसाचे लोट वाहत आहेत असें कधीं दिसत नाहीं. मग तें फेस आणणारें द्रव्य जातें कोठें? मातींत राहणारे, डोळ्यांना न दिसणारे जीव तें खाऊन टाकतात, हें त्याचें उत्तर आहे. परंतु चिमूटभर मातींत कोट्यवधि सूक्ष्म जंतु असतात. त्यांतून हें एकच काम करणारा जंतु निवडून हातीं कसा धरावा? ही विद्या ज्या थोड्या पुरुषांनीं जगाला शिकविली, त्यांत हॉलंड देशांतील आचार्य मार्टिनस विलेम बायेरिंक यांचें स्थान अग्रभागीं आहे. त्यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं अवश्य जाणून घ्यावें असें आहे. त्यांत अनुकरण करण्यासारखें पुष्कळ आहे, आणि ज्यापासून सावध राहावें असेंही कांहीं आहे.

मार्टिनसचा जन्म ता. १६ मार्च १८५१ रोजीं अ‍ॅमस्टरडॅम शहरीं झाला. चार भावंडांत तो सर्वांत धाकटा. त्याच्या वडिलांचा तंबाखूचा व्यापार होता. परंतु मार्टिनस अगदीं लहान असतांनाच त्या व्यापारांत ठोकर बसून त्यांचें दिवाळें निघालें, आणि कुटुंबाच्या पोषणाकरितां त्यांना रेल्वे कंपनींत कारकुनाची नोकरी पत्करावी लागली. शाळेची फी देण्याचें सामर्थ्य नसल्यामुळें वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत मुलाला वडिलांनींच घरीं शिकविलें. दिवसभर कचेरींत लेखणी चालवून घरीं आलेला तो पिता रात्रीं मुलाला घेऊन बसे, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. पुढें हें कुटुंब हार्लेम येथें राहावयास आलें व मार्टिनस तेथील शाळेंत जाऊं लागला. बारा वर्षें घरांतच वाढलेल्या मुलाला वर्गांतील इतर मुलांमध्यें मिसळणें जड गेलें असल्यास नवल नाहीं. परंतु त्या शाळेंत वनस्पतिशास्त्राची गोडी असलेले एक शिक्षक त्याला लाभले आणि त्यांच्या उत्तेजनानें तो रानोमाळ हिंडून झाडाझुडपांचे नमुने गोळा करूं लागला. अशा नमुन्यांच्या एका स्पर्धेंत पंधराव्या वर्षीं त्यानें पहिलें बक्षीस मिळविलें. एका गुरूची शाबासकी लहान मुलाच्या आयुष्याला कोणतें वळण देऊं शकते, याचें हें एक उदाहरण होय.

पुढील शिक्षणाचा खर्च एका चुलत्यानें उचलला, म्हणूनच मार्टिनसला डेल्फ्ट येथील पॉलिटेक्निक विद्यालयांत रसायनशास्त्र शिकतां आलें. तेथें त्याचा एक सहाध्यायी होता. त्याचें नांव व्हान्ट हॉफ. दोघे एकाच बिऱ्हाडीं राहत व वर्गांत शिकलेले प्रयोग खोलीवर येऊन पुनः करीत. हाच व्हान्ट हॉफ पुढें सन १९०१ मध्यें रसायनशास्त्राच्या पहिल्या नोबेल पारितोषिकाचा मानकरी झाला. डेल्फ्ट येथील पदवी १८७२ सालीं मिळाल्यावर बायेरिंक यांनीं लायडन विद्यापीठांत वनस्पतिशास्त्राचा अभ्यास आरंभिला. पैशाची चणचण असल्यामुळें मध्यंतरीं त्यांना निरनिराळ्या शाळांतून शिक्षकाचें काम करावें लागलें. अखेर १८७७ सालीं त्यांनीं डॉक्टरची पदवी मिळविली. त्यांच्या निबंधाचा विषय होता झाडांच्या पानांवर व फांद्यांवर येणाऱ्या गांठी. एक क्षुद्र कीटक पानांत अंडें घालतो, आणि तें झाड स्वतःचीच वाढ बदलून त्या परक्या पिल्लाकरितां घर बांधून देतें. एका जीवानें दुसऱ्या जीवाकडून असें काम करून घ्यावें, या गोष्टीचें कोडें त्यांच्या मनांत तेव्हांपासून घर करून बसलें होतें.

सन १८७६ पासून ते वाखेनिंगेन येथील शेतकी शाळेंत शिकवीत होते. अध्यापक या नात्यानें ते लोकप्रिय झाले नाहींत. त्यांचा स्वभाव उतावीळ व जीभ तिखट होती. तथापि त्यांच्या संशोधनाची कीर्ति पसरत चालली होती, आणि १८८४ मध्यें त्यांच्या देशाच्या राजमान्य विद्वत्सभेनें त्यांना सभासद करून घेतलें. वाखेनिंगेन येथेंच त्यांचे सहकारी आडॉल्फ मायर यांनीं तंबाखूच्या पानांवर चट्टे पाडणाऱ्या एका रोगाकडे त्यांचें लक्ष वेधलें. बायेरिंक यांनीं त्या पानांत रोगजंतु शोधून पाहिले. परंतु त्यांना कांहीं सांपडलें नाहीं. त्या वेळीं सूक्ष्म जंतूंच्या शास्त्राचें आपलें ज्ञान अपुरें आहे असें त्यांना दिसून आलें, आणि वयाची तिशी उलटल्यावर ते या नव्या शास्त्राचे विद्यार्थी झाले.

सन १८८५ मध्यें त्यांच्या आयुष्याला एक अनपेक्षित कलाटणी मिळाली. डेल्फ्ट येथें यीस्ट व मद्यार्क तयार करणारा एक मोठा कारखाना होता. त्याचे चालक व्हान मार्केन हे दूरदृष्टीचे गृहस्थ होते. कारखान्यांतील आंबविण्याचें सारें काम सूक्ष्म जीवच करतात, तेव्हां त्यांचा शास्त्रोक्त अभ्यास करणारा विद्वान आपल्या पदरीं असावा, असें त्यांना वाटलें. त्यांनीं बायेरिंक यांना बोलावून स्वतंत्र प्रयोगशाळा बांधून दिली. कारखान्याच्या त्या प्रयोगशाळेंत दहा वर्षांत जें काम झालें, तें पुष्कळशा विद्यापीठांतही झालें नसतें.

त्यांतील पहिलें मोठें यश १८८८ सालचें. वाटाणा, हरभरा, तूर, ताग इत्यादि द्विदल पिकांच्या मुळांवर लहान लहान गांठी असतात, आणि अशा पिकामुळें जमिनीचा कस वाढतो, हें शेतकऱ्यांना अनुभवानें ठाऊक होतें. हीं झाडें त्या गांठींच्या योगानें हवेंतील नत्रवायूचा उपयोग करून घेतात, असें जर्मनींतील हेलरीगेल व विल्फार्ट या दोघां शास्त्रज्ञांनीं त्याच सुमारास दाखवून दिलें. परंतु गांठींच्या आंत राहणारा जंतु वेगळा काढून कांचेच्या नळींत शुद्ध स्वरूपांत वाढविण्याचें काम बायेरिंक यांनीं केलें. पुढल्याच वर्षीं, म्हणजे १८८९ मध्यें, त्यांनीं एक साधी पण फार उपयुक्त युक्ति प्रसिद्ध केली. समुद्रांतील शेवाळापासून काढलेल्या अगर नांवाच्या खळींत एकच जातीचे जंतु मिसळावयाचे. मात्र त्या खळींत त्यांचें एखादें आवश्यक अन्न मुद्दाम ठेवावयाचें नाहीं. मग पृष्ठभागावर जागोजाग निरनिराळ्या पदार्थांचे थेंब टाकावयाचे. जो पदार्थ त्या जंतूच्या उपयोगी असेल त्याच्या भोंवतीं तेवढी वाढ उमटते. इतर जागा रिकामी राहते. कोणता जंतु काय खातो हें या रीतीनें तो जंतु जणूं स्वतःच लिहून देतो. एवढ्याशा हिरव्या एकपेशीय शेवाळाची, क्लोरेलाची, शुद्ध वाढही बायेरिंक यांनींच प्रथम १८९० मध्यें करून दाखविली.

या कीर्तीचा परिणाम असा झाला कीं, डेल्फ्ट येथील ज्या विद्यालयांत ते गरीब विद्यार्थी म्हणून शिकले, तेथेंच १८९५ सालीं त्यांची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली, व दोन वर्षांनीं त्यांच्याकरितां नवी प्रयोगशाळा उभी राहिली. डेल्फ्ट गांव या विद्येला मुळींच परका नव्हता. स्वतःच्या हातानें भिंगें घासून पाण्याच्या थेंबांतील सूक्ष्म जीवांचें जगाला प्रथम दर्शन घडविणारा लीवेनहूक हा सतराव्या शतकांत याच गांवीं राहत होता. बायेरिंक यांच्या व्याख्यानांकरितां लागणारीं मोठमोठीं भिंतीवरील चित्रें त्यांची बहीण हेन्रिएट हिनें मोठ्या कौशल्यानें काढून दिलीं.

आतां ते पुनः तंबाखूच्या जुन्या कोड्याकडे वळले. रोगट पानांचा रस त्यांनीं चिनी मातीच्या बारीक गाळणींतून गाळला. या गाळणींतून कोणताही जंतु पार होत नाहीं. तरीही गाळलेल्या रसानें निरोगी रोपें आजारी पडलीं, आणि त्या रोपांच्या रसानें आणखी दुसरीं. यावरून त्यांनीं १८९८ मध्यें असें प्रतिपादिलें कीं, येथें जंतूहून सर्वस्वीं निराळें असें कांहीं आहे, तें जिवंत पेशींतच वाढतें, व तें द्रवरूप असावें. रशियांतील इव्हानोव्स्की यांनीं असाच प्रयोग १८९२ मध्यें केला होता. तें कळतांच बायेरिंक यांनीं त्यांचा अग्रहक्क मोकळेपणानें मान्य केला. द्रवरूपाची कल्पना पुढें चुकीची ठरली, कारण हे विषाणु कणरूप असतात; परंतु ते जंतूंहून निराळे आहेत हा त्यांचा मुख्य सिद्धांत टिकला. ज्या तंबाखूनें पित्याला भिकेला लावलें होतें, तिच्याच पानानें पुत्राचें नांव अजरामर केलें.

परंतु या लेखाच्या आरंभीं ज्या विद्येचा उल्लेख केला ती याहूनही महत्त्वाची आहे. त्या काळचे बहुतेक संशोधक मातीचा किंवा पाण्याचा अंश पौष्टिक खळीवर पसरीत आणि त्यावर जें उगवेल त्याचा अभ्यास करीत. या रीतींत एक मोठें व्यंग होतें. पौष्टिक अन्नावर जलद वाढणारे जंतु गर्दी करतात, आणि ज्यांचें काम विशेष पण ज्यांची संख्या थोडी, ते त्या गर्दींत दिसेनासे होतात. यात्रेंत जमलेल्या हजारों लोकांत पट्टीचा पोहणारा कोण, हें चेहेऱ्यावरून ओळखतां येत नाहीं. नदीला पूर आला म्हणजेच तें कळतें. बायेरिंक यांनीं नेमका असा पूर प्रयोगशाळेंत आणावयाचें ठरविलें. कोणता जंतु मिळतो तें पाहूं, असें न म्हणतां, कोणतें काम करणारा जंतु पाहिजे हें ते आधीं ठरवीत. मग त्या कामावांचून जगतांच येऊं नये अशी परिस्थिति ते कांचेच्या चंबूंत निर्माण करीत आणि तींत बागेंतील चिमूटभर माती किंवा कालव्याचा थेंबभर गाळ टाकीत. ज्यांना तें काम येत नाहीं ते उपाशीं राहत. ज्याला येतें त्याची संख्या झपाट्यानें वाढे. त्यांतील एक थेंब नव्या चंबूंत, त्यांतील पुनः तिसऱ्या चंबूंत, असें केलें म्हणजे शेवटीं इष्ट जंतूचेंच राज्य होई, व मग तो खळीवर वेगळा काढणें सोपें जाई.

या पद्धतीचीं दोन उदाहरणें १९०१ सालच्या त्यांच्या लेखांत आढळतात. गुरांच्या गोठ्यांत नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास येतो, तो मूत्रांतील युरिया नांवाचें द्रव्य जंतूंनीं फोडल्यामुळें. हे जंतु मिळविण्याकरितां बायेरिंक यांनीं मांसरसांत भरपूर युरिया घालून त्यांत माती मिसळली. युरिया फुटून जो अमोनिया निघाला त्याच्या दाहानें इतर बहुतेक जंतु नाहींसे झाले. आणि ज्यांनीं तो उत्पन्न केला तेच मागें राहिले. दुसऱ्या प्रयोगांत त्यांनीं एका गोड पदार्थाचें व फॉस्फेटचें पाणी घेऊन त्यांत नत्रयुक्त पदार्थ अगदीं घातला नाहीं, आणि भरपूर हवा मिळावी म्हणून पाण्याचा थर पातळ ठेवला. थोड्याच दिवसांत पृष्ठभागावर साय धरली. ती साय अ‍ॅझोटोबॅक्टर नांवाच्या जंतूची होती. कोणत्याही झाडाच्या आश्रयावांचून हा जंतु हवेंतील नत्रवायु स्वतःच खेंचून घेतो. त्याची एक जात बागेच्या मातींतून व दुसरी डेल्फ्टच्या कालव्याच्या पाण्यांतून मिळाली. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनींही स्वतंत्रपणें, आणि थोडी आधीं, अशाच विचारानें काम केलें होतें. तेव्हां या पद्धतीचें श्रेय दोघांनाही दिलें पाहिजे. सूक्ष्म जीवांचीं बीजें जवळजवळ सर्वत्र विखुरलेलीं आहेत, पण कोणत्या बीजाला अंकुर फुटावा हें परिस्थिति ठरविते, असें या कामाचें सार पुढील पिढीनें सांगितलें.

आतां आपण रिठ्याकडे वळूं. बायेरिंक यांनीं स्वतः रिठ्यावर प्रयोग केलेले नाहींत. परंतु त्यांच्या पद्धतीचें सामर्थ्य व तिच्यांतील अडचणी समजून घेण्यास हें उदाहरण आपणांस घरचें वाटेल. रिठ्यांतील फेस आणणाऱ्या द्रव्याला सॅपोनिन म्हणतात. त्याच्या रेणूला दोन अंगें असतात. एक अंग साखरेच्या दुव्यांचें बनलेलें असून त्याला पाण्याची ओढ असते. दुसरें अंग तेलकट असतें. रिठ्यांतील या गाभ्याला हेडेराजेनिन असें नांव आहे. एका अंगानें तेलाला व दुसऱ्यानें पाण्याला धरल्यामुळें हें द्रव्य मळ सोडवितें आणि हवा कोंडून फेस करतें. परंतु सजीव पेशींचें आवरणही स्निग्ध पदार्थांचेंच असतें. त्यामुळें सॅपोनिन रक्तांतील तांबड्या पेशी फोडूं शकतें, व कांहीं प्रदेशांतील लोक मासे गुंगवून पकडण्याकरितां रिठा पाण्यांत टाकतात. म्हणजे जो जंतु हें द्रव्य खाऊन राहणार, त्याला प्रथम त्याचा मारा सहन करतां आला पाहिजे. युरियाच्या प्रयोगांत अमोनियानें जें केलें तेंच येथें फेस करतो. अन्न हेंच दारावरील पहारेकरी होऊन बसतें.

अशा जंतूचा शोध करावयाचा तर रिठ्याच्या झाडाखालची, जेथें वर्षानुवर्षें फळें कुजलीं आहेत अशी, माती घेणें उत्तम. नत्र, फॉस्फरस वगैरे आवश्यक क्षार असलेल्या पाण्यांत सॅपोनिन हेंच एक अन्न म्हणून घालावें व त्यांत ती माती टाकावी. येथपर्यंत सोपें आहे. परंतु या मार्गावर तीन खळगे आहेत, आणि बायेरिंक यांच्या शिस्तीवांचून ते चुकवितां येत नाहींत. पहिला खळगा असा कीं, रिठ्याच्या गरांत सॅपोनिनखेरीज मोकळी साखरही असते. नुसता काढा वापरला तर साखर खाणारा कोणताही सामान्य जंतु त्यांत भराभर वाढेल, आणि आपणांस मात्र सॅपोनिन खाणारा सांपडला असें वाटेल. तेव्हां द्रव्य आधीं शुद्ध करून घेतलें पाहिजे. दुसरा खळगा मातीनें बरोबर आणलेल्या अन्नाचा. एकाच चंबूंतील वाढीवर विश्वास न ठेवतां पुनः पुनः नव्या चंबूंत थेंब नेला म्हणजे हें जुनें अन्न संपतें. शिवाय एक चंबू मातीवांचून व एक तापवून निर्जीव केलेल्या मातीसह शेजारीं ठेवावा. त्यांतही फेस कमी झाला तर तें जंतूंचें काम नव्हे असें समजावें. तिसरा खळगा सर्वांत फसवा आहे. पाणी हलविल्यावर फेस आला नाहीं म्हणजे सर्व द्रव्य संपलें असें नाहीं. पुष्कळदां जंतु साखरेचे दुवे तेवढे तोडून खातो. त्याबरोबर फेस नाहींसा होतो, आणि पाण्यांत न विरघळणारा तेलकट गाभा तसाच तळाशीं राहतो. तो गाभा फोडण्याचें काम कधीं कधीं दुसऱ्याच जातीचे जंतु करतात. म्हणून फेसाबरोबर त्या गाभ्याचीही मोजदाद केली पाहिजे.

साखरेचे दुवे तोडण्यांत केवढी शक्ति आहे याचा एक दाखला प्रसिद्ध आहे. ओट नांवाच्या धान्याच्या मुळांत एक सॅपोनिन असतें व तें बुरशीपासून त्या पिकाचें रक्षण करतें. एका जातीची बुरशी मात्र त्याचे साखरेचे दुवे तोडून त्याला निरुपद्रवी करते व मुळांत शिरते. तें तोडण्याचें साधन तिच्यापासून काढून घेतलें असतां तिला ओटच्या मुळांत शिरतां येत नाहीं, असें इंग्लंडमधील संशोधकांनीं १९९५ सालीं सिद्ध केलें. आपल्या शरीरांत यकृतापासून स्रवणारें पित्तही असेंच तेल व पाणी यांची गांठ घालणारें नैसर्गिक द्रव्य आहे. तें मलावाटे बाहेर पडून मातींत व पाण्यांत मिसळतें. आणि केवळ पित्ताम्लांवर जगूं शकणारे जंतु मातींतून डेल्फ्टच्याच पद्धतीनें वेगळे काढण्यांत आले आहेत. डेल्फ्टच्या परंपरेंतील डेन डोरेन द योंग यांनीं १९२६ मध्यें सुमारें २०० सेंद्रिय पदार्थ घेऊन कोणता जंतु त्यांपैकीं काय काय खाऊं शकतो याची पद्धतशीर तपासणी केली. त्यांतील एकेक जंतु कित्येक प्रकारच्या पदार्थांवर निर्वाह करूं शकतो असें आढळून आलें.

जें मातींतून आलें तें मातीला परत मिळतें, हें आपण धर्मग्रंथांतून ऐकत आलों आहों. सूक्ष्म जंतूंच्या अभ्यासानें त्या परत जाण्याचा मार्ग दाखविला. परंतु मनुष्य जेव्हां सृष्टींत पूर्वीं कधीं नसलेलें द्रव्य निर्माण करतो, तेव्हां हा मार्ग मोकळा असेलच असें नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर खनिज तेलापासून बनविलेलीं कृत्रिम धुलाईद्रव्यें घरोघर आलीं. त्यांतील फार खपलेल्या एका प्रकाराच्या रेणूला फांद्या फुटलेल्या होत्या, आणि त्या फांद्यांपुढें जंतूंचें फारसें चालेना. परिणामीं १९५० नंतरच्या दशकांत युरोप व अमेरिका येथील नद्यांवर आणि सांडपाण्याच्या कारखान्यांत फेसाचे डोंगर उभे राहिले. पश्चिम जर्मनीनें १९६१ सालीं कायदा करून १९६४ पासून जंतूंना फोडतां येतील अशींच द्रव्यें विकण्याची सक्ति केली. अमेरिकेंतील कारखानदारांनींही १९६५ च्या सुमारास सरळ साखळीचीं द्रव्यें वापरण्यास आरंभ केला, आणि फेस ओसरला. तथापि जेथें सांडपाणी शुद्ध न करतां नदींत सोडतात, तेथें आजही फेस दिसतो. कारण जंतु कितीही कुशल असले तरी त्यांना हवा व वेळ मिळाला पाहिजे. रिठ्यासारखें नैसर्गिक द्रव्यही एकदम पुष्कळ पाण्यांत गेलें तर जंतूंनीं तें संपविण्यापूर्वींच मासे मरतील.

बायेरिंक यांच्या कार्याचें एवढें वर्णन केल्यावर त्यांच्या स्वभावाविषयीं मौन पाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ते आजन्म अविवाहित राहिले. संसार व शास्त्र हीं दोन्ही एका माणसाला साधत नाहींत असें त्यांचें मत होतें. विद्यार्थ्यांच्या लहानशा चुकीवरही ते संतापत व मन दुखविणारे शब्द बोलत. त्यामुळें अनेक होतकरू तरुण त्यांच्यापासून दूर राहिले, आणि त्यांच्या हाताखालीं तयार झालेल्या शिष्यांची संख्या त्यांच्या विद्वत्तेच्या मानानें थोडीच राहिली. मातींतील अति दुर्बळ जंतूकरितां अनुकूल परिस्थिति निर्माण करण्यांत ज्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, त्यांना समोरच्या मुलाकरितां तशी परिस्थिति निर्माण करतां आली नाहीं. स्वतः त्यांना पित्याची चिकाटी, एका शिक्षकाचें प्रेम आणि चुलत्याचें द्रव्य हीं लाभलीं होतीं. त्यांपैकीं एखादी गोष्ट नसती तर ते कोठें असते, हा विचार त्यांच्या मनांत आला असता तर त्यांच्या प्रयोगशाळेंत कितीतरी अधिक दिवे लागले असते.

मानसन्मान मात्र त्यांना भरपूर मिळाले. सन १९०५ मध्यें त्यांना लीवेनहूक याच्या नांवाचें पदक देण्यांत आलें. हें पदक दहा वर्षांतून एकदांच दिलें जातें, आणि त्यांच्या आधींचे मानकरी साक्षात् लुई पाश्चर होते. इंग्लंडच्या रॉयल सोसायटीनें १९२६ सालीं त्यांना आपले परदेशी सभासद केलें. वयाचीं सत्तर वर्षें पूर्ण होतांच १९२१ मध्यें नियमाप्रमाणें त्यांना प्राध्यापकपद सोडावें लागलें. डेल्फ्ट सोडून ते बहिणींसह गोर्सेल या खेडेगांवीं जाऊन राहिले. बाळपणीं ज्या झाडाझुडपांनीं त्यांना वेड लावलें होतें, त्यांच्याच संगतींत त्यांनीं शेवटचीं वर्षें घालविलीं. ता. १ जानेवारी १९३१ रोजीं, नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशीं, त्यांचें देहावसान झालें.

डेल्फ्ट येथें त्यांच्या जागीं क्लॉयव्हर यांची नेमणूक झाली. हे स्वभावानें मनमिळाऊ व शिष्यांवर माया करणारे होते. बायेरिंक यांच्या पदावर येऊन त्यांनीं त्यांची पद्धति सांभाळली आणि त्यांच्या ठायीं जी उणीव होती ती भरून काढली. त्यांचे शिष्य व्हान नील यांनीं ही विद्या कॅलिफोर्नियांत नेली व तेथून ती जगभर पसरली. आज सांडपाणी शुद्ध करण्याकरितां, जमिनींत सांडलेलें तेल नाहींसें करण्याकरितां, किंवा एखादें नवें द्रव्य नदींत सोडण्याजोगें आहे कीं नाहीं हें ठरविण्याकरितां जेथें जेथें जंतूंचा शोध चालतो, तेथें तेथें डेल्फ्टच्या त्या चंबूचाच कित्ता गिरविला जातो.

विद्यार्थी मित्रांनो, या चरित्रापासून घेण्यासारखा मुख्य धडा मोठ्या यंत्रांचा किंवा अलौकिक बुद्धीचा नाहीं. क्षार घातलेलें पाणी, चिमूटभर माती आणि नीट विचारलेला एक प्रश्न, एवढ्याच भांडवलावर बायेरिंक यांनीं सृष्टीकडून उत्तरें मिळविलीं. प्रश्न अशुद्ध असेल तर उत्तरही अशुद्ध येतें, हें रिठ्याच्या मोकळ्या साखरेवरून आपण पाहिलेंच. आपल्या पायांखालील मातींत परमेश्वरानें किती प्रकारचे सेवक ठेवले आहेत याची पूर्ण गणना अद्याप कोणाला झालेली नाहीं. तिच्यांत पुढें जो कोणी भर घालील, तो कदाचित् आपल्याच शाळेच्या बाकांवर आज बसलेला असेल. त्यानें बायेरिंक यांची शिस्त घ्यावी, आणि क्लॉयव्हर यांची माया.